रिलेशनल डेटाबेस

रिलेशनल डेटाबेस : तक्त्यांमध्ये माहिती साठवून, त्यांतील समान मूल्यांच्या आधारे ती जुळवून घेण्याची संगणकीय पद्धती. तिचा पाया एडगर कॉड (१९२३–२००३) या इंग्रज गणितज्ञाने आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत घातला. त्याचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर आयबीएमच्याच आयएमएससारख्या प्रणालींत नोंदी उतरंडीने बांधलेल्या असत. हवी ती नोंद कोणत्या वाटेने गाठायची हे प्रोग्रामरनेच लिहायचे आणि रचना बदलली की प्रोग्रामही बदलायचे. कॉडने संचसिद्धान्ताच्या आधारे या जाचातून सुटका केली.

ग्रंथालयाचे उदाहरण घेतल्यास सभासद, पुस्तके आणि देवघेव असे तीन तक्ते होतात. सभासद क्रमांक ही सभासद-तक्त्याची प्रायमरी की. तो दोघांना एकच असू शकत नाही. देवघेवीत तोच क्रमांक फॉरेन की म्हणून येतो आणि अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक चढवू पाहिल्यास प्रणाली नोंद नाकारते. सभासदाचा पत्ता देवघेवीच्या प्रत्येक ओळीत लिहिला, तर तो बदलताना एखादी ओळ हमखास राहून जाते. शिवाय जुन्या नोंदी काढून टाकल्या की पत्ताही जातो. हे दोष टाळण्यासाठी तक्ते फोडण्याच्या शिस्तीला नॉर्मलायझेशन म्हणतात. नवशिके बहुधा आज्ञा पाठ करण्यापासून सुरुवात करतात. खरा कस मात्र तक्ते आखतानाच लागतो.

एसक्यूएल ही विचारणेची भाषा. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती ‘सीक्वेल’ नावाने मांडली. १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानक लाभले. तीत काय हवे तेवढेच सांगायचे असते. इंडेक्स वापरायचा की सगळा तक्ता चाळायचा, हे प्रणालीतला ऑप्टिमायझर ठरवतो. परस्परावलंबी बदल ट्रान्झॅक्शनमध्ये एकत्र बांधले जातात: पैसे एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर वजावटही रद्द होते.

आयएमएसचा धंदा जोरात असल्याने आयबीएमने या कल्पनेचे उत्पादन करायला वेळ लावला. दुसऱ्या कंपनीचे ओरॅकल मात्र १९७९ मध्येच बाजारात आले. कॉडला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिलेशनल म्हणवणारी उत्पादने वाढल्यावर १९८५ मध्ये त्याने बारा नियम घालून दिले (शून्यापासून मोजल्याने ते प्रत्यक्षात तेरा आहेत). काटेकोर रिलेशनमध्ये, म्हणजे संचसिद्धान्ताच्या अर्थाने तक्त्यात, एकच ओळ दोनदा येऊ शकत नाही. एसक्यूएलच्या तक्त्यात मात्र, की न नेमल्यास, ती आजही येते.