बुलडॉग रिव्हॉल्व्हर

'ब्रिटिश बुलडॉग' हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आखूड नळीचे, खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील वेब्ली या कारखान्याने ते 1872 मध्ये बाजारात आणले. पुढे बेल्जियम, स्पेन व अमेरिकेत त्याच्या असंख्य स्वस्त नकला झाल्या. त्यामुळे आज आढळणाऱ्या बुलडॉगपैकी पुष्कळशा ब्रिटिश नाहीत.

स्वरूप व प्रसार

मूळ नमुन्याची नळी सुमारे अडीच इंच लांब असून फिरत्या चक्रात पाच काडतुसे बसत. व्यास .442 किंवा .450 इंच असे. काडतुसे उजव्या बाजूच्या लहान झडपेतून एकेक करून भरावी लागत. आयरिश पोलीस दलासाठी वेब्लीने 1868 मध्ये केलेल्या रिव्हॉल्व्हरचेच हे आखूड रूप होय. अमेरिकेत फोरहँड अँड वॉड्‌स्वर्थ, आयव्हर जॉन्सन इत्यादी कारखान्यांनी नकला केल्या, पण सर्वाधिक माल बेल्जियममधील लिएज शहराचा. तेथे बंदुकीचे सुटे भाग आसपासच्या गावांतील कारागीर घरोघरी घडवीत व व्यापारी ते जुळवून विकत. वस्तू स्वस्त पडे ती यामुळेच, आणि नेमका निर्माता कोण हे सांगणे कठीण होते तेही यामुळेच.

मूळ ओळखण्याच्या खुणा

नळीवर किंवा पाठीच्या पट्टीवर कोरलेल्या नावावर विसंबणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. 'ब्रिटिश बुलडॉग' ही अक्षरे बेल्जियन आणि अमेरिकन मालावरही आढळतात. लंडनच्या एखाद्या दुकानाचे नाव असले तरी ते बहुधा विक्रेत्याचे असते. खरा पुरावा म्हणजे चाचणी-मुद्रा. नळी व चक्र दाब सहन करतात की नाही हे अधिकृत चाचणीगृहात जादा दारू उडवून पाहत आणि मगच हा शिक्का मारीत.

लिएजच्या चाचणीगृहाची परंपरा 1672 पासूनची. तेथील मुद्रेत लंबगोलाच्या आत 'ई-एल-जी' ही रोमन अक्षरे व त्यांखाली तारा असतो. हा शिक्का बहुधा चक्रावर सापडतो. 1893 पासून लंबगोलावर मुकुट आला. म्हणून मुकुट नसलेला शिक्का दिसल्यास ते शस्त्र त्यापूर्वीचे समजावे. एवढ्याशा मुकुटावरून कालनिर्णय होत असल्याने भिंगाशिवाय निष्कर्ष काढू नये. बर्मिंगहॅमच्या त्या काळातील मुद्रेत मुकुटाखाली एकमेकांस छेदणारे दोन राजदंड असतात. वेब्लीच्या अस्सल मालावर पुष्कळदा पंख असलेल्या गोळीचे बोधचिन्हही आढळते. अमेरिकेत सरकारी चाचणीगृह नव्हते, तर स्पेनमध्ये चाचणी सक्तीची झाली ती 1923 मध्ये. तेव्हा मुद्रा मुळीच नसणे हीदेखील एक खूण ठरते, मात्र घासून पुसलेला शिक्का आणि कधीच न मारलेला शिक्का यांत गल्लत होऊ नये. अनुक्रमांकाचा उपयोग थोडाच. बेल्जियन मालावरील लहान आकडे पुष्कळदा भाग जुळवण्यापुरतेच असत.

मुद्रा तपासता न आल्याने काय होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 2 जुलै 1881 रोजी चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर बुलडॉग रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या. ते शस्त्र नंतर स्मिथसोनियन संस्थेकडे गेले व तेथून गहाळ झाले. त्याच्या निर्मात्याविषयीचा प्रश्न आता मूळ वस्तू पाहून सोडवता येत नाही.

सुरक्षितता व कायदा

ही शस्त्रे काळ्या दारूच्या काडतुसांसाठी घडवलेली आहेत. आधुनिक धूरविरहित दारूच्या दाबाने चक्र फुटू शकते. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार 1898 किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते. भारतात केवळ जुनेपणामुळे सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 नुसार कालबाह्य वा पुरातन शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येण्याजोगे नसेल तरच ते सवलतीस पात्र ठरते. आजोबांच्या पेटीत सापडलेले चालू स्थितीतील बुलडॉग परवान्यावाचून घरात ठेवणे हा गुन्हा आहे.