दिनविशेष : ८ डिसेंबर
गायक आणि शर्यतपटू मार्टी रॉबिन्स

आजच्या तारखेस, १९८२ साली, अमेरिकेतील नॅशव्हिल नगरीत कंट्री गायक मार्टी रॉबिन्स हृदयशस्त्रक्रियेनंतर वयाच्या ५७व्या वर्षी कालवश झाले. अ‍ॅरिझोना प्रांतातील ग्लेनडेल येथे जन्मलेले, महायुद्धकाळी नौदलात चाकरी केलेले आणि १९५९ मध्ये ‘एल पासो’ या स्वरचित कथागीताने कीर्तिशिखरी पोचलेले हे गायक मोटारींच्या शर्यतीत इतक्या निष्ठेने उतरत, की शनिवारी रात्रीची शर्यत चुकू नये म्हणून ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या कार्यक्रमात त्यांनी आपल्या गायनासाठी अखेरची वेळ मुक्रर करून घेतली होती.

१९७२ मध्ये टॅलाडेगा येथे त्यांची गाडी विलक्षण वेगाने धावली, तेव्हा देऊ केलेला सन्मान नाकारून, कार्ब्युरेटरमध्ये आपण नियमबाह्य फेरफार केल्याची कबुली त्यांनी स्वतःहून दिली. पण शंकरपटातील धुरकऱ्याची छाती जाणणाऱ्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांस अधिक भावेल तो १९७४ चा शार्लट येथील प्रसंग : मार्गात आडव्या पडलेल्या रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या गाडीवर आदळण्याऐवजी रॉबिन्स यांनी भरवेगात आपली गाडी भिंतीवर घातली, स्वतः जबर जखमी झाले आणि प्रतिस्पर्ध्याचे प्राण वाचविले. गळ्यातील माधुर्याइतकेच हे औदार्यही आम्हांस त्यांच्या थोरवीचे गमक वाटते.

ऑक्टोबर १९८२ मध्ये कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. आणि मृत्यूपूर्वी जेमतेम महिनाभर, नोव्हेंबरात, अटलांटा येथे ते अखेरची शर्यत धावले.