उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग



पेरणीआधीच खळं सारवायला घेणारा एखादा गडी दिसला, की आपल्याकडे कुणीतरी चटकन म्हणतं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" मंडळी हसतात. या म्हणीचा अर्थ आज जरा उलगडून पाहू.

बाशिंग म्हणजे लग्नात कपाळावर बांधायचा मुकुटासारखा अलंकार. तो भेंडाचा किंवा कागदाचा करतात, त्याला बेगड लावतात. हा शब्द एकट्या मराठीचा नाही. कानडीत बासिंग आहे, तेलुगूत बासिकम् आहे. उदगीर-निलंग्याला बिदरचा शेजार आणि देगलूर-बिलोलीला तेलंगणाचा. 1956 साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, मुलूख तीन राज्यांत गेले. शब्द मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना राहिला.

बाशिंगाची जागा कपाळ. आधी सोयरीक जमते, मुहूर्त ठरतो, हळद लागते, मग बाशिंग. उतावळ्याला एवढा धीर कुठला? हात कपाळापर्यंत जायच्या आत तो गुडघ्यालाच गाठ मारून मोकळा होतो. चालताना गुडघाच पुढे पडतो ना! लग्नाची हौस असण्याला या म्हणीनं दोष दिलेला नाही. वेळ आणि जागा चुकली, म्हणून ती हसते.

पण इतिहास पाहिला, तर खरा उतावळा निराळाच निघतो. पूर्वी नवरानवरी पुष्कळदा लेकरंच असत. त्यांना कसली घाई? घाई असे वडीलधाऱ्यांना. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीला 14 आणि मुलाला 18 वर्षांची अट घातली. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा; आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे 1978 साली ही अट 18 आणि 21 झाली.

तरीही अठरा पुरी होण्याआधी मुलीला बोहल्यावर उभी करणारी घरं आपल्या भागात आजही आहेत. ऊसतोडीला जायचं, तर वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची चिंता खोटी नाही. पण त्या चिंतेपायी पोरीची शाळा सुटते.

म्हणून गुरुजींना एक विनंती. वर्गात ही म्हण शिकवताना अर्थ सांगून थांबू नका. मुलांना विचारा, "आपल्या गावात उतावळं कोण आहे?"