अतिसूक्ष्माचे शास्त्र आणि वीस गुण

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या मापाचे शास्त्र नवे असले तरी त्याची किमया जुनी आहे. चौथ्या शतकातील रोमन 'लायकर्गस चषक' बाहेरून उजेड पडला की हिरवा, आतून पडला की लाल दिसतो. काचेतील सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा हा परिणाम. कारागिराला कारण ठाऊक नव्हते. ते शोधणे हे शास्त्राचे काम.

१९५९ साली रिचर्ड फाइनमन यांनी अणू एकेक करून रचता येतील, असा विचार मांडला. १९८१ मध्ये बिनिग व रोहरर यांनी अणू दाखविणारे सूक्ष्मदर्शक बनविले.

पुढे मुंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये हव्या त्या आकाराचे स्फटिककण बनविण्याची रीत शोधली. पदार्थ तोच; कण लहान तर निळा प्रकाश, मोठा तर लाल. त्यासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळाले. हेच बावेंडी हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत शंभरपैकी वीस गुण मिळवून नापास झाले होते! अभ्यास कसा करावा हे ते मग शिकले, आणि तेथेच पदव्युत्तर पदवीही मिळविली.

आज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही नॅनोशास्त्रात एम. एस्सी. करता येते. त्यासाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांचा पाया पक्का हवा. तेव्हा पालकहो, एका गुणपत्रिकेवरून मुलाचे विज्ञान सोडवू नका. विद्यार्थी मित्रांनो, वीस गुणांवर थांबू नका.