अंतराळातील कपलिंग : ‘मीर’ स्थानकाच्या जोडणीची कथा

रेल्वेत काम करणाऱ्या माणसाला कपलिंगचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी दोन डब्यांमधला जोड निकामी झाला की गाडी जागेवर उभी राहते. नेमका हाच धडा माणसाला अंतराळातही गिरवावा लागला. वाचकांना तो रंजक वाटेल म्हणून हा लेखप्रपंच.

अंतराळस्थानक उभारण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सगळे स्थानक एकाच प्रचंड अग्निबाणाने वर नेणे. अमेरिकेने १९७३ साली ‘स्कायलॅब’ असेच पाठवले. उड्डाणातच त्याचे संरक्षक आवरण फाटले आणि दुरुस्ती करूनच ते वापरात आणावे लागले. हेच स्कायलॅब ११ जुलै १९७९ रोजी कोसळले. त्या वेळी आपल्याकडे उडालेली घाबरगुंडी ज्येष्ठ मंडळींना अजून आठवत असेल.

दुसरा मार्ग म्हणजे एकेक डबा वर नेऊन तिथेच गाडी तयार करणे. सोव्हिएत रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाची ताकद सुमारे वीस टनांची. त्यामुळे मोठे स्थानक हवे तर जोडत जोडतच उभारायला हवे होते. सुरुवातीच्या सॅल्यूत स्थानकांना जोडणीचे एकच तोंड होते. माणसांचे यान तिथे लागले की मालाचे यान लावायला जागाच नाही! १९७७ सालच्या ‘सॅल्यूत-६’ला पुढे आणि मागे अशी दोन तोंडे दिली आणि जानेवारी १९७८ पासून ‘प्रोग्रेस’ ही मालवाहू याने तिथे जाऊ लागली. आपले राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या ‘सॅल्यूत-७’वर राहून आले, त्यालाही अशीच दोन तोंडे होती.

या जोडाची रचना कशी असे? एका यानाला पुढे आलेली सळई आणि दुसऱ्याला शंकूच्या आकाराचा खळगा. सळई खळग्यात शिरून अडकली की ती आत ओढून घ्यायची आणि कुलपे लावायची. यात नर आणि मादी अशा दोन जाती असल्यामुळे एका जातीची दोन याने एकमेकांना जोडता येत नसत. १९७५ साली अपोलो आणि सोयूझ यांच्या भेटीसाठी सोव्हिएत अभियंता व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या रचनेनुसार दोन्ही बाजू सारख्या असलेले कपलिंग वापरले गेले. आपल्या एलएचबी डब्यांचे सेंटर बफर कपलर आठवा. तिथेही दोन्ही डब्यांची तोंडे सारखीच असतात. कोणताही डबा कुठल्याही बाजूने लावा, काम होते.

‘मीर’चा मूळ भाग फेब्रुवारी १९८६ मध्ये कक्षेत गेला. त्याला जोडणीची सहा तोंडे होती. पाच पुढच्या गोलाकार भागावर आणि एक मागे. म्हणजे हे स्थानक नव्हे, जंक्शनच. पहिला डबा ‘क्वांत’ एप्रिल १९८७ मध्ये मागच्या तोंडाशी आला. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नात सळई अडकली, पण जोड घट्ट बसेना. अखेर ११ एप्रिलला युरी रोमानेन्को आणि अलेक्सांद्र लाव्हेइकिन बाहेर पडले. पाहतात तो दोन तोंडांच्या मध्ये चक्क कचऱ्याची पिशवी अडकलेली! ती ओढून काढली आणि जोड लागला. यार्डात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मोठी कामे अडतात ती बहुधा अशाच क्षुल्लक वस्तूंपायी.

पुढे ‘क्वांत-२’ (१९८९), ‘क्रिस्ताल’ (१९९०), ‘स्पेक्त्र’ (१९९५) आणि ‘प्रिरोदा’ (१९९६) हे डबे आले. प्रत्येक डबा आधी पुढच्या सरळ तोंडाला लागे आणि मग स्वतःच्या छोट्या यांत्रिक हाताने वळून बाजूच्या तोंडाला जाई. हे शंटिंगच म्हणायचे. २९ जून १९९५ रोजी अमेरिकेचे ‘अटलांटिस’ शटल ‘मीर’ला लागले, ते १९७५च्या त्याच कपलिंगच्या सुधारित आवृत्तीने.

हल्लीची मुले हे सारे संगणकावर करतात. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा एक खेळ आहे. त्यात एकेक भाग कक्षेत नेऊन हळूहळू जवळ आणायचा आणि जोडायचा. डब्याला जोडणीचे तोंड लावायला विसरलात तर वर जाऊनही उपयोग नाही. खेळ म्हणून उत्तमच, कारण वेग, दिशा आणि इंधन यांचा हिशेब हाताला कळतो. मात्र तिथे जोड लागला की वीज आपोआप पलीकडे जाते आणि चूक झाली तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. खऱ्या स्थानकात वीज न्यायला केबल लागते आणि मागे जाता येत नाही.

याचा प्रत्यय २५ जून १९९७ रोजी आला. स्थानकातून हाताने चालवून जोडायचे ‘प्रोग्रेस’ वेगात आले आणि ‘स्पेक्त्र’वर आदळले. भिंतीला भोक पडून हवा बाहेर जाऊ लागली. आत तिघे होते, त्सिब्लिएव्ह, लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकेल फोल. ‘स्पेक्त्र’चे दार लावायचे तर दारातून गेलेल्या केबलींचे जुडगे आडवे. लाझुत्किन यांनी केबली सोडवल्या, काही चाकूने कापल्या, मग एक हलके झाकण आणून दारावर बसवले आणि आतल्या हवेच्या दाबानेच ते घट्ट दाबले गेले. तिघे वाचले आणि स्थानकही वाचले. ‘स्पेक्त्र’ मात्र कायमचा बंद झाला. त्याच्या सौर पंखांची वीज ऑगस्टमध्ये सोलोव्ह्योव्ह आणि विनोग्रादोव्ह यांनी त्या निर्वात डब्यात शिरून पुन्हा जोडून घेतली.

मला या इतिहासाचे सार इथे दिसते. जोडता येणे ही निम्मीच विद्या, वेळेवर तोडता येणे ही उरलेली निम्मी. आपल्या गाडीत दोन डबे सुटले की ब्रेक पाइपमधली हवा जाऊन ब्रेक आपोआप लागतात, कारण कपलिंग कधीतरी तुटणार हे धरूनच ती रचना केलेली आहे. ‘मीर’च्या दारातून केबली नेताना त्या दाराला कधी घाईने लावावे लागेल, हा विचार मागे पडला. तरीही एक डबा गमावून बाकीची गाडी चालू राहिली, ती सुट्या डब्यांच्या रचनेमुळेच. एकसंध स्थानकाला भोक पडले असते तर सारेच सोडून यावे लागले असते.

२३ मार्च २००१ रोजी ‘मीर’ ठरवून दक्षिण प्रशांत महासागरात उतरवले गेले. तोवर त्याचा वारसा पुढे गेला होता. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे पहिले दोन भाग डिसेंबर १९९८ मध्ये जोडले गेले होते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथे पोहोचले.

आता पाळी आपली आहे. इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेत १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत जोडले गेले आणि असे करणारा भारत चौथा देश ठरला. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी मोठे मथळे दिले. १३ मार्चला तेच उपग्रह सुखरूप सुटे केले गेले, त्याचे कौतुक तुलनेने कमी झाले. भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे आणि तेही डब्याडब्यानेच उभे राहील. त्यासाठी १३ मार्चचे यश १६ जानेवारीइतकेच मोलाचे आहे, असे या कपलिंगवाल्याला वाटते.