गिरनार पर्वत : आरंभीचे छायाचित्रण

सौराष्ट्रात जुनागढलगत उभ्या असलेल्या, जैन व हिंदू या उभयतांस पूज्य अशा गिरनार पर्वताची जी छायाचित्रे डी. एच. साइक्स यांनी 1869 मध्ये घेतली, ती पश्चिम भारतातील तीर्थपर्वतांच्या छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीत मोडतात. पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेडच्या (तत्कालीन वाशीम जिल्ह्याचा पुसद तालुका, 1905 पासून यवतमाळ जिल्हा) दत्तभक्तास नदीपलीकडचे, त्या काळी निजामाच्या अमलातील माहूर हे जसे दत्तप्रभूंचे निद्रास्थान, तसेच गिरनार हे त्यांच्या पादुकांचे शिखर, म्हणून जुनागढच्या नवाबाच्या मुलखातील या पर्वताची नोंद वऱ्हाडातील वाचकास परकी वाटू नये.

या छायाचित्रणाची पूर्वतयारी मुंबईत झाली होती. तेथे 1854 मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आघाडीच्या सभासदांपैकी होते; इकडे स्वतः भाऊ दाजी गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरील रुद्रदामनाच्या लेखाचा अर्थ लावण्यात गढले होते. एकाच घरात एक भाऊ लेख वाचीत होता आणि दुसरा प्रकाशलेखन साधीत होता, हा योग मराठी विद्वत्तेच्या इतिहासात विशेष अभिमानाने नमूद करावा असा आहे.

साइक्स यांची छायाचित्रे ज्या स्वारीशी निगडित आहेत, ती पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांची काठेवाडची स्वारी 1869 च्या मे महिन्यात झाली. कलोडियनच्या ओल्या काचेचा तो काळ : काचेवर द्रावणाचा थर पसरून ती रौप्य नायट्रेटमध्ये बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवावी, आणि थर सुकण्यापूर्वी, म्हणजे सुमारे दहा-पंधरा मिनिटांत, जागच्या जागी काळोख्या तंबूत प्रतिमा प्रकट करून घ्यावी, एवढा सारा सरंजाम, काचा, बाटल्या व पाणी यांसह, हजारो पायऱ्यांच्या त्या चढणीवर माणसांच्या खांद्यावरून न्यावा लागे, आणि उन्हाळ्याच्या झळांनी थर अधिकच लवकर सुके. काच निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे, आणि दूरच्या डोंगररांगा त्यात विरून जात.

तथापि या छायाचित्रांचा कल पर्वताकडे नसून वास्तूकडे होता, असे आमचे मत आहे. नेमिनाथाच्या मंदिरासभोवतीचा जैन मंदिरसमूह कळसाकळसाने टिपला गेला. पादुकांखेरीज मिरवण्याजोगे शिल्प नसलेल्या दत्तशिखरावर मात्र पुरातत्त्वाच्या दृष्टीस रेंगाळण्याचे कारण नव्हते. याउलट सॅम्युएल बोर्न 1866 मध्ये मणिरंग खिंडीच्या सुमारे 18,600 फूट उंचीपर्यंत कॅमेरा घेऊन गेला तो हिमालयाच्या रूपासाठीच. बर्जेस पुढे 1874 मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचे प्रमुख झाले, आणि काठेवाड-कच्छविषयीचा त्यांचा अहवाल 1876 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही गिरनारच्या शिखरांहून, अशोक, रुद्रदामन व स्कंदगुप्त यांचे लेख एकत्र धारण करणाऱ्या पायथ्याच्या शिळेलाच अग्रमान मिळाला.