पाहुणा, यजमान आणि ग्राफिक्स कार्ड

"मॅकवर (किंवा लिनक्सवर) विंडोज टाकून थ्रीडीचं काम करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. व्हीएमवेअर, पॅरलल्स की व्हर्च्युअलबॉक्स? निवड चुकली तर लायसन्सचे पैसे जातातच, वर डेडलाईनच्या आदल्या रात्री कळतं की मॉडेल उघडतच नाहीये. उत्तर नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. वीकेंड आहेच, जाऊया.

एका संगणकात दुसरा संगणक चालवायची कल्पना माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० आणलं. त्यासाठी प्रोसेसर कसा हवा याचे नियमच १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी लिहून ठेवले. गंमत म्हणजे पीसीतला इंटेलचा प्रोसेसर त्या नियमांत बसत नव्हता! १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशनने यावर तोड काढली: पाहुण्या सिस्टीमच्या अडचणीच्या इन्स्ट्रक्शन्स चालवायच्या आधीच बदलून टाकायच्या. मग २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. प्रोसेसरचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला.

ग्राफिक्स कार्डाचं काय? तिथे गाडी अडली. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एकच भाषा बोलतात आणि तिचं मॅन्युअल सगळ्यांना वाचता येतं. ग्राफिक्स कार्डाची आतली भाषा मात्र कंपनीगणिक वेगळी, पिढीगणिक बदलणारी, आणि बरीच वर्षं गुप्तच. त्यामुळे पाहुण्याला एक साधंसुधं काल्पनिक कार्ड दाखवलं जायचं. वर्ड-एक्सेल मजेत चालायचं, पण थ्रीडी आलं की सगळा भार प्रोसेसरवर.

मग मधे एक दुभाष्या बसवला. पाहुण्यातला ड्रायव्हर प्रोग्रामचे डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएलचे हुकूम गोळा करतो, यजमानाकडे पाठवतो, तिथे त्यांचं भाषांतर होतं आणि खरं कार्ड चित्र काढतं. व्हीएमवेअरने २००५ साली हे प्रायोगिक म्हणून आणलं, पॅरलल्सने २००७ साली, आणि व्हर्च्युअलबॉक्सने २००९ साली डायरेक्टथ्रीडी दिलं.

पण दुभाष्या जेवढं शिकलाय तेवढंच बोलणार ना! डायरेक्टएक्स ११ हे २००९ साली विंडोज ७ बरोबर आलं. पॅरलल्सला ते यायला २०१९ उजाडलं आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनला २०२०. म्हणजे दहा-अकरा वर्षं! एवढ्यात मशीन कितीही भारी घेतलं असतं तरी उपयोग नव्हता. अडचण वेगाची नव्हतीच, भाषेची होती.

तिसरा रस्ता म्हणजे दुभाष्याला घरी पाठवून खरं कार्डच पाहुण्याच्या हातात द्यायचं. लिनक्समध्ये २०१२ पासून व्हीएफआयओमुळे हे जमतं. मात्र यजमानासाठी बहुधा दुसरं कार्ड लागतं. शिवाय आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असं दिसलं की एनव्हिडियाचा जीफोर्स ड्रायव्हर 'कोड ४३' दाखवून कामच थांबवायचा. हे दार कंपनीने अधिकृतपणे उघडलं २०२१ साली.

तर थोडक्यात काय, सॉफ्टवेअरची नावं नंतर. आधी तुमच्या प्रोग्रामला डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएलची कुठली आवृत्ती लागते ते बघा, मग दुभाष्याला ती येते का ते बघा. येत असेल तर मॅकवर पॅरलल्स, विंडोज-लिनक्सवर व्हीएमवेअर (नोव्हेंबर २०२४ पासून कंपनीच्या कामासाठीही फुकट), आणि हलक्या कामाला व्हर्च्युअलबॉक्स. येत नसेल तर कार्ड देऊन टाका किंवा सरळ ड्युअल बूट करा. एम१ आणि त्यानंतरच्या मॅकवर बूट कॅम्प नाही, आणि तिथलं विंडोज एआरएमचं असतं. जुने प्रोग्राम चालवताना ते स्वतःच आणखी एक भाषांतर करतं. दोन-दोन दुभाषे! तिथे पैसे भरण्याआधी ट्रायल घ्या आणि तुमची सगळ्यात जड फाईल उघडून बघा. डेमोतली नव्हे, तुमची.

असो. चहा गार झाला.